बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात शाळा, दवाखाने कोण चालवतं? आणि मतदानाचं काय होतं?

उंबरठा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, जाणकारांनी जरा उजेड पाडावा. बातम्यांत नकाशा दाखवतात ना, एवढा भाग सरकारचा, एवढा बंडखोरांचा, दोन रंगांत रंगवलेला, तो बघताना मला नेहमी वाटतं की त्या दुसऱ्या रंगात राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जात असेल. म्हणजे पोरगं तापानं फणफणलं तर तो कुठे पळतो, बांधावरून भांडण झालं तर कोणाकडे जातो, शाळेत मास्तर येतो का आणि येत असेल तर त्याचा पगार कोण देतं. माझी समजूत अशी होती की बंडखोर आले की सगळं ठप्प, पण वाचायला लागलो तर तसं दिसत नाहीये.
दुसरं म्हणजे मतदान. बहिष्काराच्या बातम्या येतात, पण काही ठिकाणी बंडखोरांच्या भागातून धो धो मतंही पडतात, हे कसं काय?
आणि तिसरं, जे मला खरं विचारायचंय, ते म्हणजे बंदुका गेल्यावर गाडी रुळावर येते का? दहा-वीस वर्षांनी?
कुठल्याही देशाचं उदाहरण चालेल. फक्त पक्षीय धुळवड नको प्लीज, एवढी विनंती.

खडूस_काका
यात विचारण्यासारखं काय आहे? ज्याच्या हातात बंदूक त्याचं राज्य. शाळा तो म्हणेल तर उघडणार, मत तो म्हणेल तिकडे पडणार नाहीतर पडणारच नाही. बाकी सगळा अभ्यासकांचा पोटापाण्याचा धंदा.

जुनी_वही
काका, सगळं इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं :)
उंबरठा, तुमच्या पहिल्या प्रश्नाला श्रीलंकेचं उदाहरण घ्या, मी त्यावर बरंच वाचलंय. २००२ च्या फेब्रुवारीत युद्धबंदी झाली तेव्हा किलिनोच्ची, मुल्लैतीवू हा सगळा उत्तरेकडचा वन्नीचा पट्टा एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेच्या ताब्यात होता. तिथे त्यांचे स्वतःचे पोलीस होते, स्वतःची कोर्टं होती, कर होते, तमिळ ईलम नावाची बँकसुद्धा होती. म्हणजे वेगळा देशच म्हणा. पण त्याच किलिनोच्चीत सरकारची कचेरीपण चालू होती, सरकारी अधिकारी तिथे बसत होता, आणि शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार येत होता कोलंबोहून! ज्या सरकारशी लढाई चालू आहे त्याच सरकारचा पगार, त्याच सरकारचा अभ्यासक्रम, दहावी-बारावीसारख्या परीक्षाही त्याच देशाच्या. पगार एकाचा आणि वचक दुसऱ्याचा.
आता दोघांना हे का परवडत होतं ते बघा. कोलंबोने पगार बंद केला असता तर "तुम्ही आमचे नाहीच" असं स्वतःच कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि एलटीटीईला फुकटात चाललेली शाळा मोडून स्वतःच्या खिशातून नवी काढायची काय गरज. लोकांना शाळा मिळतेय, आणि ती "यांच्या राज्यात" मिळतेय, श्रेय आयतंच.
अफगाणिस्तानात तालिबान परत सत्तेवर यायच्या आधी, म्हणजे २०२१ च्या अगोदर, कितीतरी जिल्ह्यांत हेच. शिक्षकाचा पगार काबूलचा आणि हजेरी तपासायला तालिबानचा माणूस. आणि गंमत म्हणा किंवा काय म्हणा, पण सरकारी तपासनीस वर्षानुवर्षं फिरकत नव्हता तिथे हा माणूस फिरकायचा, त्यामुळे नुसता पगार उचलून घरी बसणारे मास्तर वर्गावर यायला लागले असंही गावकरी सांगायचे. अर्थात पुस्तकात काय असावं आणि मुलींनी कितवीपर्यंत शिकावं हेही तोच ठरवणार. विजेच्या बिलाचे पैसेही काही भागांत तेच गोळा करायचे, वीज सरकारची, वसुली यांची.
म्हणून "सेवा बंद पडते" यापेक्षा "सेवेवर दुसऱ्याचा हात बसतो" असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं मला.

पायवाट
जुनी_वही, मस्त प्रतिसाद. पण एक भर घालते, हे सगळीकडे होत नाही. ज्यांना त्या जागी टिकून राहायचंय तेच असलं राज्य चालवतात. अर्थशास्त्रात फिरता डाकू आणि बसलेला डाकू असं एक रूपक आहे. फिरता डाकू एकदाच येतो आणि गाव धुवून नेतो, बसलेल्याला पुढच्या वर्षीही वसुली करायचीये म्हणून तो विहीर बुजवत नाही, उलट गाळ काढून घेतो.
आणि सगळ्या सेवांना एक न्याय लागत नाही हेही लक्षात घ्या. न्यायनिवाडा सगळ्यात आधी हातात घेतात कारण त्याला पैसा लागत नाही आणि लोकांना हवा असतो, सरकारी कोर्टात दहा वर्षं चालणारा बांधाचा वाद हे लोक एका दुपारी मिटवतात, बरोबर की चूक ते सोडा. नेपाळात माओवाद्यांनी जनअदालती काढल्या त्या याच पायी चालल्या. शाळा बहुतेक चालू ठेवतात. रस्ता मात्र नको असतो, कारण रस्त्यावरून आधी पोलिसाची गाडी येते. तरी नेपाळच्याच रोल्पात माओवाद्यांनी स्वतः शहीद मार्ग म्हणून रस्ता काढला, पण राबले कोण तर गावोगावची माणसं, घरटी माणूस पाठवायचा, नाही म्हणायची सोय नाही.
आणि लसीकरण. यावर कोणी बोलत नाही. घरोघरी फिरणारा माणूस म्हणजे खबऱ्या असू शकतो या संशयाने २०१८ मध्ये तालिबानने त्यांच्या भागांत घरोघरचं पोलिओ लसीकरण बंद करायला लावलं. डोस तोच, पण देणारा दारोदार फिरतो एवढाच त्याचा गुन्हा. अख्ख्या जगात नैसर्गिक विषाणूचा पोलिओ उरलाय तो अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात, त्याच्या कारणांत हे एक धरायलाच हवं.

खडूस_काका
बसलेला असो नाहीतर फिरता, डाकू तो डाकूच. पुढे चालू द्या.

मतपेटी
मतदानाचं मी सांगतो, हा माझा आवडता विषय.
बंडखोर म्हणजे बहिष्कार हे समीकरण डोक्यातून काढून टाका. परत श्रीलंकाच बघा, कारण तिथे दोन वर्षांच्या आत दोन्ही टोकं बघायला मिळतात. एप्रिल २००४ ची संसदेची निवडणूक, एलटीटीईचा पाठिंबा तमिळ नॅशनल अलायन्सला, मतं भरभरून पडली आणि अलायन्सला २२ जागा. मग १७ नोव्हेंबर २००५, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, राजपक्षे विरुद्ध रनिल विक्रमसिंघे. या वेळी निरोप उलटा, कोणीही मत द्यायचं नाही. उत्तरेतल्या तमिळबहुल जाफना जिल्ह्यात मतदान किती झालं असेल? सव्वा टक्का! सात लाखांच्या आसपास मतदार आणि मतं पडली साडेआठ हजार. तिकडे देशभरात राजपक्षे जिंकले ते जेमतेम १ लाख ८० हजार मतांनी. तमिळ मतं बहुतेक विक्रमसिंघेंच्या पारड्यात गेली असती असं तेव्हा सगळेच म्हणत होते, म्हणजे न पडलेल्या मतांनी राष्ट्राध्यक्ष ठरवला असं म्हणायला जागा आहे. आणि त्याच राजपक्षेंच्या कारकिर्दीत २००९ मध्ये एलटीटीई संपली. नशीब कसं फिरतं बघा.
तर माणसं तीच, संघटना तीच, फक्त तिचा हिशोब बदलला. तेव्हा मतदान ५ टक्के झालं की ८० टक्के, त्या आकड्यावरून लोकांचं मत कळत नाही. त्या गावात कोणाचा शब्द चालतो एवढंच कळतं.
तिसरा प्रकार फिलिपिन्सचा. तिथली न्यू पीपल्स आर्मी ही कम्युनिस्ट बंडखोर सेना १९६९ पासून आहे. ते निवडणूक मोडत बसत नाहीत, तिच्यावर पैसे कमावतात. उमेदवाराला त्यांच्या भागात प्रचार करायचा असेल तर परवाना घ्यायचा, फी भरून, आणि त्याला रीतसर नाव आहे, "पर्मिट टू कॅम्पेन". पैसे नाहीत तर फोन द्या, सामान द्या. निवडणूक आयोग दर वेळी तंबी देतो की परवाना घेतलात तर कारवाई करू, उमेदवार मान डोलावतात.
चौथा प्रकार सगळ्यात बेरकी. २००९ चा अफगाणिस्तान. तालिबानच्या भीतीने बूथ उघडलेच नाहीत, पण त्या न उघडलेल्या बूथच्या पेट्या गच्च भरून परत आल्या! कारण बघायला निरीक्षक जाऊ शकत नाही, पत्रकार जाऊ शकत नाही, मग कोणी काय भरलं कोणाला कळणार. तपासणीत दहा लाखांहून जास्त मतं बाद झाली आणि राष्ट्राध्यक्ष करझाई ५४ टक्क्यांवरून ५० च्या खाली आले. म्हणजे दहशत एकाची आणि तिचा फायदा उठवला भलत्यानेच.
२०१९ ला तिथे बायोमेट्रिक मशीन लावल्यावर ९६ लाख नोंदलेल्या मतदारांपैकी मोजली गेलेली मतं फक्त १८ लाखांच्या घरात होती. तोपर्यंत लोकांची निवडणुकीवरची आशाच संपली होती की भीती वाढली होती की आधीचे आकडेच फुगवलेले होते, तिन्ही असेल.

उंबरठा
बापरे. न उघडलेल्या बूथच्या भरलेल्या पेट्या हे वाचून दोन मिनिटं नुसता बसलो.
पण मग शांतता झाल्यावर? तो माझा तिसरा प्रश्न राहिलाच.

कोरा_दाखला
इथे फार लिहीत नाही पण या प्रश्नासाठी लॉगिन केलं. मोठं होईल, चहा घेऊन बसा.
माझं म्हणणं आधीच सांगतो. बंडखोरी सुरू झाली की सगळे शाळा आणि दवाखाने मोजतात, कारण ते दिसतात. पण खरी जी मोडते आणि परत उभी राहायला सगळ्यात जास्त वर्षं घेते ती म्हणजे नोंद. जन्माची नोंद, जमिनीची नोंद, मतदारयादीतलं नाव. कपाटातली वही. बंडखोर शाळा चालवू शकतात, निवाडा करू शकतात, औषधंही आणतात. पण त्यांनी दिलेला जन्मदाखला उद्या कुठल्याही खिडकीवर चालत नाही.
एल साल्वाडोर घ्या. मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. १९८० ते १९९२ यादवी, ७५ हजार माणसं गेली. चालातेनांगो, मोरासान या उत्तरेकडच्या डोंगराळ भागांत एफएमएलएन या डाव्या बंडखोर संघटनेचे गनिमी होते. सरकार तिथून बाहेरच पडलं, मग लोकांनी गनिम्यांच्या सोबतीने आपली लोकसत्ता म्हणून गावपातळीवरच्या समित्या काढल्या, शेती, आरोग्य, निवाडा सगळं बघायला. शाळेत मास्तर नाही तर ज्याला चौथी-पाचवीपर्यंत येतंय तो पहिली-दुसरीला शिकवणार, त्यांना "लोकशिक्षक" म्हणायचे. खोटं नाही सांगत, हे वाचताना ऊर भरून येतो. पण त्याच काळात गनिम्यांच्या दृष्टीने महापौराची कचेरी म्हणजे शत्रूचं ठाणं. १९८८ च्या सुमारास तर महापौरांनी राजीनामे द्यावेत म्हणून धमक्या सुरू झाल्या, काहींना ठार मारलं, बरेच जण गाव सोडून शेजारच्या मोठ्या शहरात बसून आपल्या गावचा कारभार "बघायला" लागले. आणि कचेऱ्या जळाल्या.
तिथे जन्माची नोंद ठेवायची कोण, तर हीच कचेरी. ती जळाली म्हणजे त्या गावात जन्मलेली माणसं कागदावरून पुसली गेली.
आता १९९२ च्या जानेवारीत शांतता करार होतो, गनिम्यांचा पक्ष होतो, आणि १९९४ ला पहिली खुली निवडणूक. त्यांच्या बालेकिल्ल्यातला शेतकरी मत द्यायला उत्सुक. पण मत द्यायला मतदार कार्ड हवं. कार्डाला जन्मदाखला हवा. जन्मदाखला ज्या वहीतून काढायचा ती वही राख झालीये, कोणी जाळली तर कदाचित त्याच्याच पोरांनी. मग अर्ज करा, परत या, फोटोला या, कार्ड घ्यायला या, डोंगरातून पायी. कितीतरी लोक त्या दिवशी यादीत नव्हतेच. बंदूक गप्प झाली तरी वहीची आडकाठी तशीच.
नेपाळचंही तेच. पायवाटने रस्त्याचं सांगितलं, मी सचिवाचं सांगतो. तिथे गाव विकास समिती, जवळजवळ ३,९०० होत्या देशभर, प्रत्येकीला एक सरकारी सचिव. आपल्या ग्रामसेवकासारखा समजा. माओवाद्यांच्या धाकाने हे सचिव पळाले आणि जिल्ह्याच्या गावी जाऊन बसले, समितीच्या इमारतीही कितीतरी ठिकाणी जाळल्या. जन्ममृत्यूची नोंद, नागरिकत्वासाठी लागणारी सिफारिस, विधवा बाईचा भत्ता, सगळं त्या सचिवाच्या सहीवर. तो दोन दिवसांच्या वाटेवर, मग कोण जाणार एका सहीसाठी. शिवाय २००२ च्या जुलैत निवडून आलेल्या स्थानिक संस्थांची मुदत संपली आणि निवडणूकच घेता येईना. फेब्रुवारी २००६ मध्ये राजाने नगरपालिकांच्या घेतल्या, निम्म्याहून जास्त जागांना उमेदवारच मिळाले नाहीत. नीट स्थानिक निवडणूक झाली ती थेट २०१७ मध्ये. १९९७ नंतर वीस वर्षांनी! युद्ध २००६ ला संपलं होतं. म्हणजे नऊ वर्षं युद्धाने खाल्ली आणि पुढची अकरा शांततेने.
एक गोष्ट मात्र त्यांनी बरी केली. संविधान सभेच्या निवडणुकीआधी, २००७ च्या सुरुवातीला, गावोगाव पथकं पाठवून काही महिन्यांत २६ लाख नागरिकत्वाचे दाखले वाटले. मगच २००८ ची निवडणूक, त्यात माओवादी सगळ्यात मोठा पक्ष झाले, ५७५ पैकी २२० जागा. आणि पुढच्याच खेपेला, २०१३ ला, ८० वर आले. बंदुकीच्या भीतीने मतं मिळाली असं काका म्हणतील, तर मग पाच वर्षांत इतकी घसरण का? लोकांनी एकदा संधी दिली, कारभार बघितला, आणि उतरवलं. हे मला चांगलं लक्षण वाटतं.

पायवाट
कोरा_दाखला, लॉगिन केल्याबद्दल आभार, वाचनखूण साठवली. 🙏
यावर पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचं नक्की लिहा हो. कागदावरूनच तर पेटलं होतं तिथे.

कोरा_दाखला
बरोबर पकडलंत. तिथे तर बंडाचं कारणच कागद. उत्तरेकडच्या लोकांना "तुम्ही खरे इथले नाहीच" म्हणून ओळखपत्रं नाकारायचे, तपासणी नाक्यावर पोलीस होती ती फाडायचे. सप्टेंबर २००२ मध्ये बंड झालं आणि उत्तरेकडचा अर्धा देश बंडखोरांकडे गेला, राजधानीसारखं बुआके शहर. दहा विभाग पाडले, प्रत्येकावर एक कमांडर, वसुलीला त्यांचा स्वतःचा खजिना. सरकारी नोकर दक्षिणेला पळाले, शाळा स्वयंसेवकांनी चालवल्या. वीज आणि पाणी चालू राहिलं पण बिल वर्षानुवर्षं कोणी भरलंच नाही. सवय लागली! शांतता झाल्यावर मीटरवाला दारात उभा राहिला तेव्हा लोकांना तो अन्याय वाटला असणार :)
मार्च २००७ ला करार झाला आणि मग फिरती न्यायालयं निघाली. न्यायाधीश टेबल-खुर्ची घेऊन गावात, साक्षीला गावची म्हातारी माणसं, हा इथेच जन्मला हे त्यांनी सांगायचं, की तिथल्या तिथे जन्माचा निवाडा कागदावर. असे लाखो दाखले झाले, आणि त्यातून ५७ लाखांची मतदारयादी. निवडणूक व्हायची होती २००५ ला, झाली २०१० ला. पहिल्या फेरीत ८० टक्क्यांच्या वर मतदान.
आणि मग काय झालं माहितीये? दुसऱ्या फेरीत निवडणूक आयोगाने उत्तरेकडचे वातारा ५४ टक्क्यांनी जिंकले असं जाहीर केलं. संविधान परिषदेने दुसऱ्याच दिवशी उत्तरेतल्या सात जिल्ह्यांचं मतदान रद्दच केलं, का तर बंडखोरांच्या भागात दहशत होती, आणि सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष बाग्बो जिंकले म्हणून सांगितलं. इतकी वर्षं खपून ज्यांना कागद दिला, नाव यादीत घातलं, त्यांची मतं एका सहीने शून्य. त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत ३,००० च्या आसपास माणसं मेली.
दहशत नव्हती असं मी म्हणत नाही, हत्यारं तिथे होतीच. पण "बंडखोरांचा भाग" हा शिक्का एकदा बसला की तिथलं प्रत्येक मत आपोआप संशयित ठरवता येतं, ही सोय किती भारी आहे बघा.

खडूस_काका
कोरा_दाखला यांचं लिखाण आवडलं, कबूल. पण एक शंका. एल साल्वाडोरचे ते डोंगर आधीपासूनच गरीब आणि दुर्लक्षित असणार ना? सरकार तिथे पोचलंच नव्हतं म्हणून बंडखोर शिरले. मग आज ते मागे आहेत त्याचं खापर बंडखोरांवर फोडायचं की सरकारवर? मागास असल्यामुळे बंड की बंडामुळे मागास? कोंबडी आधी का अंडं.

जुनी_वही
काका, आज पहिल्यांदा तुमचा प्रश्न लाखमोलाचा. 😄
हाच आक्षेप टाळायला अर्थशास्त्रज्ञांनी एल साल्वाडोरमध्ये एक युक्ती केलीये. गनिम्यांच्या ताब्यातल्या भागाची जुनी सीमारेषा नकाशावर घ्यायची आणि फक्त रेषेला लागून असलेली अलीकडची आणि पलीकडची वस्ती ताडून बघायची. डोंगर तोच, माती तीच, पाऊस तोच, युद्धाआधीची गरिबीही जवळपास तीच, फरक एवढाच की काही वर्षं एका बाजूला गनिमी होते आणि दुसऱ्या बाजूला सरकार. तर युद्ध संपून वीस वर्षं झाली तरी गनिम्यांच्या बाजूची वस्ती मागेच. लोक पोटापुरती शेती जास्त करतात, बाहेरच्यावर विश्वास कमी, आणि सरकारी व्यवहारापासून चार हात लांब.
त्याचं कारण मला पटलं. "आपलं आपण बघून घेऊ, सरकारकडे तोंड वेंगाडायचं नाही" हे युद्धात शिकलेलं शहाणपण होतं, त्यावर माणसं जगली. पण शांततेत पाण्याची लाईन, रस्ता, शाळेची खोली ही भांडून आणि अर्ज करूनच मिळते. ज्याला मागायची सवय मोडलीये तो मागत नाही, आणि मागत नाही त्याला कोणी देत नाही. त्यात सरकारनेही हात आखडता घेतला, ते लोकशिक्षक इतकी वर्षं शिकवत होते त्यांना पात्रता नाही म्हणून मान्यता द्यायला टाळाटाळ. मग विश्वास बसणार कसा.
तरी काकांचं एक मानलं पाहिजे, एका देशावरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही. कोलंबियात उलटंसुलटं दोन्ही आहे. फार्क या संघटनेचे बंडखोर हत्यारं ठेवून गेल्यावर त्यांच्या जुन्या भागांत जंगलतोड एकदम वाढली. कारण झाड तोडायला आधी त्यांची परवानगी लागायची, ते गेले आणि त्या जागी सरकार वेळेवर आलंच नाही, मग जमीन हडपणारे आणि गुरंवाले घुसले. जंगलखात्याचं काम अनधिकृतपणे कोण करत होतं ते गेल्यावर कळलं. आणि मतदान म्हणाल तर २ ऑक्टोबर २०१६ च्या सार्वमतात देशाने फार्कबरोबरचा शांतता करार अर्ध्या टक्क्याच्या आत फरकाने फेटाळला, पण बोहाया नावाच्या गावाने, जिथे २००२ मध्ये चर्चमध्ये लपलेली माणसं फार्कच्या बॉम्बने मेली, त्या गावाने ९५ टक्क्यांच्या वर "हो" म्हटलं. लांब शहरात बसलेल्यांपेक्षा त्यांना शांततेची किंमत जास्त माहीत.

मतपेटी
बोहायाचं भारी सांगितलंत.
मला एक तांत्रिक गोष्ट सांगायचीये, टक्केवारी वाचणाऱ्यांसाठी. मतदानाची टक्केवारी काढताना खाली भागायला नोंदलेले मतदार असतात. बंडखोरांच्या भागातून अर्धी माणसं पळून गेलेली असतात, परदेशात, छावणीत, शहरात, त्यांची नावं यादीत तशीच. जाफन्याच्या त्या सात लाखांतही किती जण तिथे उरले होते हा प्रश्नच आहे. मग टक्का पडलेला दिसतो आणि आपण म्हणतो बहिष्कार. वर बूथ हलवतात. गावात धोका म्हणून बूथ पंधरा किलोमीटरवर ठाण्याजवळ नेला, कागदावर मतदानाचा हक्क शाबूत, प्रत्यक्षात म्हातारं माणूस जाणार कसं. छत्तीसगडमध्ये २०२३ च्या विधानसभेला बस्तर भागातल्या शंभराहून जास्त गावांत त्यांच्या गावातच बूथ लागला तेव्हा बातमी झाली, म्हणजे त्याआधी काय होतं ते समजून घ्या.

झेडपी_मास्तर
वाचत होतो नुसता, बूथचा विषय निघाला म्हणून लिहितो. दहाएक वर्षांपूर्वी दक्षिण गडचिरोलीत इलेक्शन ड्युटी केलीये. आमच्याकडे त्या भागात मतदान तेव्हा सात ते तीन होतं, संध्याकाळपर्यंत नाही, कारण अंधाराआधी मशीन घेऊन परत बेस कॅम्पला पोचायचं असायचं. हेलिकॉप्टरने उतरवलं, पुढे पायी, आणि रस्ता असून रस्त्याने नाही, बाजूच्या झाडीतून एका मागे एक, पुढच्याने पाय टाकला तिथेच पाय टाकायचा. सुरुंगाची भीती. माझ्या हातात मशीनची पेटी आणि डोक्यात पोरांचे चेहरे, खोटं कशाला बोलू.
खोलीच्या भिंतीवर बाहेरून बहिष्काराचं लाल अक्षरात लिहिलेलं, आणि आतल्या फळ्यावर मुलांनी काढलेली बाराखडी. ते चित्र अजून जात नाही डोळ्यांसमोरून.
लोक आले. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच. त्यात एक बाई, साधारण पन्नाशीची. यादीत नाव सापडलं, चिठ्ठी बरोबर, फोटो जुळला. शाई लावायला आमच्या माणसाने ब्रश उचलला तर हात पुढे करेना, मूठ घट्ट मिटलेली. गावचा कोतवाल माडिया भाषेतून तिच्याशी बोलला आणि आम्हाला सांगितलं, ती म्हणते मत देते, पण शाई नको. रात्री जंगलातून कोणी आलं आणि बोट बघितलं तर?
आता नियम असा की शाई नाही तर मत नाही. आम्हाला त्यात काडीचाही अधिकार नाही. केंद्राध्यक्ष मीच होतो, मीच नाही म्हणालो. ती बाहेर जाऊन आंब्याखाली बसली.

उंबरठा
मास्तर, अंगावर काटा आला. अफगाणिस्तानात मत दिलेल्यांची बोटं छाटल्याच्या बातम्या वाचल्या होत्या, २०१४ ला हेरातमध्ये अकरा जणांची, पण तेव्हा ती लांबची गोष्ट वाटली होती.
कोरा_दाखला, जुनी_वही, मतपेटी, पायवाट, सगळ्यांचे आभार, मला वाटलं होतं दोन ओळींचं उत्तर मिळेल. काका तुमचेही, कोंबडी-अंड्यासाठी.
मास्तर, एकच विचारतो, त्या बाईने शेवटी मत दिलं का?

झेडपी_मास्तर
नाही. दोनच्या सुमारास परत दारापर्यंत आली, आतल्या माणसांकडे बघितलं, आणि निघून गेली. तीनला मशीन बंद केलं.
आमच्याकडे आधी यादीत नाव बघतात, मग शाई, मग नोंदवहीत सही किंवा अंगठा. तिचं शाईपाशीच अडलं, त्यामुळे नोंदवहीत तिची ओळच नाही. संध्याकाळी हिशोब जुळवला तेव्हा तीही "मतदानाला न आलेले" यात गेली.